पताका जपावी, पण नोंदीसकट

शेगावहून संत गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला निघते, तेव्हा लांबूनच नजरेत भरतात त्या शिस्तीत चालणाऱ्या भगव्या पताका. १९६८ पासूनची ही पायी वारी. परतीच्या वाटेवर ती सिंदखेडराजा, मेहकर, खामगाव अशी बुलढाणा जिल्ह्यातून शेगावी पोचते. महिनाभराहून अधिक काळ उन्हापावसात फडकलेली पताका मात्र पुढे कुठे जाते, हे फारसे कुणी विचारत नाही. माझे म्हणणे असे, की रंग उडालेल्या, काठ विरलेल्या या निवृत्त पताकांचा संग्रह व्हायला हवा. आणि तो कापडाचा नव्हे, कापडासकट त्याच्या कहाणीचा असावा.

नुसते कापड गोळा केल्याने काय होते, हे पश्चिम आफ्रिकेतल्या घाना देशाने पाहिले आहे. तिथल्या किनाऱ्यावरच्या फांते लोकांच्या ‘आसाफो’ नावाच्या जुन्या लढाऊ पथकांचे स्वतःचे झेंडे असतात. सुती कापडावर दुसऱ्या कापडाची चित्रे कातरून शिवलेली. मगर, मासा, पक्षी, माणसे. बहुतेक चित्रांमागे एखादी म्हण असते, आणि पुष्कळदा ती शेजारच्या पथकाला दिलेले आव्हान असते. कोपऱ्यात १९५७ पर्यंत ब्रिटिश निशाण असे, स्वातंत्र्यानंतर घानाचे आले. गेल्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतल्या संग्राहकांनी हे झेंडे उचलले. पण पुष्कळदा कोणते पथक, कोणता प्रसंग, कोणती म्हण, हे मागेच राहिले. मागणी वाढली तसे नवे कापड मुद्दाम जुने भासवून विकणारेही निघाले. नोंद नसली की खरे-खोटे ठरवायला आधारच उरत नाही.

कुणी म्हणेल, फांते झेंड्यावर निदान चित्र आहे; आपल्या पताका सगळ्या सारख्याच, त्यांत जपण्याजोगे काय? उलट, चित्र नाही म्हणूनच नोंद अधिक गरजेची. पताका कुणी शिवली, काठीला कशी बांधली, किती वाऱ्या केल्या, दिंडीत तिची जागा कुठली, हे कापड स्वतः सांगू शकत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: पताका ही श्रद्धेची वस्तू, ती काचेत कोंडू नये. हे मला मान्य आहे. म्हणूनच चालती पताका कुणी मागू नये. वारीतून उतरलेली, आणि दिंडीने राजीखुशीने दिलेलीच घ्यावी. मालकी दिंडीचीच राहू द्यावी. जिथे विसर्जनाची रीत असेल तिथे ती पाळावी, फक्त त्याआधी छायाचित्र आणि माहिती टिपून ठेवावी.

खर्चही मोठा नाही. घडीवर सुती कापड चिरते, म्हणून पताका गुंडाळून, ऊन आणि ओल टाळून ठेवावी. सोबत एक वही असावी. जिल्ह्यातल्या गावोगावच्या दिंड्यांनी येत्या आषाढीनंतर पताका उतरवताना एवढे करावे: विणेकऱ्यांना आणि जुन्या पताकाधारी वारकऱ्यांना विचारून वहीचे पहिले पान लिहावे.