कालव्यावरचं छप्पर

पक्ष्यांसाठी गच्चीवर ठेवलेली पाण्याची परात उन्हात भराभर आटते. सावलीत सरकवली की पाणी टिकतं. अशीच मैलोगणती लांब परात म्हणजे अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातला कालवा! तिथल्या हीला नदीकाठचे आदिवासी स्वतःला ‘नदीची माणसं’ म्हणवतात. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या वसाहतकऱ्यांनी वरच्या अंगाला पाणी वळवलं आणि यांची शेतं कोरडी पडली. पाण्याचा हक्क कायद्याने मिळाला, तो थेट 2004 मध्ये. मग ते वाफ होऊन उडू कसं द्यायचं? 2024 मध्ये त्यांनी आपल्या कालव्याच्या एका टप्प्यावर सौरपटलं बसवली. ऊन अडतं, बाष्पीभवन घटतं. गंमत पुढेच आहे: सौरपटल तापलं की वीज कमी देतं, खालचं पाणी त्याला थोडं थंड ठेवतं. (गुजरातने नर्मदेच्या कालव्यावर हे 2012 मध्येच केलं होतं.)