रोग झाल्यानंतरची लस

लस म्हणजे रोग होण्यापूर्वीचे संरक्षण, अशीच आपली समजूत असते. कर्करोगाची उपचारात्मक लस मात्र रोग झाल्यावर, रुग्णालाच देतात. गाठीतील पेशी आपल्याच शरीरातून उपजलेल्या असल्याने संरक्षक पेशी त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात. त्यांना शत्रूची ओळख पटवून देणे, एवढेच या लसीचे काम.

ही ओळख पटवतात डेंड्रायटिक पेशी. २०१० मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगावर सिप्युल्युसेल-टी ही लस मंजूर झाली. तिच्यासाठी रुग्णाच्या रक्तातील पेशी काढायच्या, प्रयोगशाळेत त्यांना शिकवायचे आणि शिरेतून परत द्यायच्या, असे तीनदा. तेव्हाचा खर्च ९३,००० डॉलर, आणि आयुष्यात सरासरी चार महिन्यांची भर!

हार्वर्डचे डेव्हिड मूनी यांनी हे शिक्षण शरीरातच घडवण्याचे ठरवले. व्यापारी वाचकांना सांगायला नको, माल उत्तम असून भागत नाही. तो योग्य ठिकाणी, योग्य वेळी पोहोचावा लागतो. साध्या इंजेक्शनने दिलेली द्रव्ये लवकर पांगतात. म्हणून मूनींच्या गटाने पीएलजीए या बहुवारिकाची, म्हणजे पॉलिमरची, ॲस्पिरिनच्या गोळीएवढी सच्छिद्र चकती केली. शस्त्रक्रियेतील विरघळणारे टाके याच जातीचे. चकती त्वचेखाली ठेवतात. तिच्यातून हळूहळू झिरपणारे एक प्रथिन डेंड्रायटिक पेशींना बोलावते. आत शिरलेल्या पेशींना जंतूंच्या डीएनएसारखे तुकडे धोक्याची सूचना देतात आणि रुग्णाच्याच गाठीचा अर्क शत्रूचा चेहरा दाखवतो. मग त्या लसिका ग्रंथींकडे जाऊन मारेकरी टी-पेशींना कामाला लावतात. चकती यथावकाश विरघळून जाते.

२००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, एरवी पंचवीस दिवसांत मरणारे उंदीर या लसीमुळे ९० टक्के वाचले. आकडा मोहक आहे. परंतु त्या उंदरांना लस आधी दिली होती, कर्करोगाच्या पेशी नंतर टोचल्या होत्या. वाढलेल्या गाठीशी झुंज अधिक अवघड. बोस्टनच्या डाना-फार्बर संस्थेत मेलानोमाच्या रुग्णांवर २०१३ मध्ये चाचणी सुरू झाली. तीही पहिल्या टप्प्याची, म्हणजे मुख्यतः सुरक्षितता पाहणारी.

शिवाय ही चकती दुकानातून आणण्याजोगी नाही. प्रत्येकासाठी त्याच्याच गाठीचा तुकडा लागतो. घरातील आजारपणाने हवालदिल झालेल्या कुटुंबाला कोणी ‘कर्करोगाची नवी लस’ पैसे घेऊन देऊ लागला, तर चाचणी कोणत्या टप्प्यात आहे आणि भारतीय चिकित्सा-चाचणी नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, तिची नोंद आहे का, हे आधी विचारावे. ही नोंदवही इंटरनेटवर कोणालाही विनामूल्य पाहता येते.