उजाड डोंगराचं अभयारण्य करणारे धों. म. मोहिते

तासगावकरांनो, सुट्टीत लांबच्या जंगलांची चौकशी करण्याआधी सागरेश्वर बघून या. तासाभराच्या वाटेवर आहे.

इथं मुळात जंगलच नव्हतं. उघडाबोडका डोंगर आणि चरून संपलेलं गवत. मोहित्यांचे वडगावच्या धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, वनखात्याच्या आणि सरकारच्या मागे लागले. झाडं लागली, कुंपण झालं, हरणं आणून सोडली. 1985 मध्ये अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर, पण माणसांनी घडवलेलं! लोक त्यांना 'वृक्षमित्र' म्हणतात. माझ्या मते वन्यजीवांसाठीचं त्यांचं कामही तेवढंच मोठं.

इथं सांबर, चितळ आणि काळवीट तिन्ही दिसतात. शिंगं नीट बघा. सांबर-चितळाच्या नराची फांद्याफांद्यांची शिंगं दरवर्षी गळून नवी येतात. काळविटाची पीळदार शिंगं मात्र जन्मभर टिकतात, कारण तो हरणांच्या नव्हे, गाई-शेळ्यांच्या कुळातला. सांबर बिचकलं की पाय आपटून असं ओरडतं की दचकायला होतं.

कुंपणाबाहेर मात्र उभी पिकं आहेत. हरणं शिरली की शेतकरी वैतागतो, आणि त्याचं चुकत नाही.

पहाटे जा. गाडीतली गाणी बंद ठेवा.