वादळ समुद्रात, पेरणी माढ्यात अडकली

ज्यांना ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय.

मी माढ्यातून बोलतोय. इथून समुद्र सरळ रेषेत साधारण अडीचशे किलोमीटर लांब. तरी तिथं पाणी तापलं की आमची पेरणी हलते. कशी, ते 2023 मध्ये दिसलं.

वादळ तयार व्हायला समुद्राचं पाणी साधारण 26.5 अंशांच्या वर लागतं. त्या जूनच्या सुरुवातीला अरबी समुद्र 30-31 अंशांवर होता. म्हणजे इंधनाची टाकी फुल्ल! 6 जूनला बिपरजॉय उठलं (नाव बांगलादेशनं दिलेलं, अर्थ 'आपत्ती') आणि 15 जूनच्या रात्री गुजरातेत जखाऊजवळ धडकलं. एवढे दिवस ते समुद्रातच रेंगाळत होतं, कारण खालचं गरम पाणी त्याला बाष्प पुरवत होतं.

आता मेख इथं आहे. वादळ आजूबाजूचे वारे आणि बाष्प आपल्याकडं ओढतं. ते किनाऱ्यापासून लांब, उत्तरेकडं सरकलं की बाष्पही तिकडंच जातं. केरळात मान्सून 1 ऐवजी 8 जूनला आला, 11 ला रत्नागिरीपर्यंत पोचला आणि तिथंच बसला. पाऊस पडला कुठं? राजस्थानात! पुढं बंगालच्या उपसागराकडून जोर मिळाला, तेव्हा 25 जूनला मुंबई आणि दिल्लीत मान्सून एकाच दिवशी पोचला. असं याआधी 21 जून 1961 ला झालं होतं.

आमच्याकडं मृग लागला की शेतकरी तिफणीकडं बघतो. उडीद-मूग जुलैच्या मध्यानंतर पेरून फारसा उपयोग नाही, म्हणून पंधरा दिवसही महाग पडतात. एका सरीवर पेरलं आणि पुढं उघडीप पडली तर दुबार पेरणी, म्हणजे बियाणं-खताचा खर्च डबल.

पण सगळं खापर बिपरजॉयवर फोडू नका हां. त्या वर्षी एल निनोही होता, आणि ऑगस्ट तर 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा गेला.

आणि वादळी हवा प्रत्येक वेळी पाऊस अडवते असंही नाही. मे 2025 मध्ये त्याच अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र अगदी कोकणाला खेटून तयार झालं आणि 24 तारखेला रत्नागिरी-दापोलीच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. त्यानं मान्सूनला ओढूनच आणलं. 24 मेला केरळ, 26 ला मुंबई! मुंबईत इतका लवकर तो नोंदींमध्ये कधीच आला नव्हता. म्हणजे वादळ आहे का, यापेक्षा ते कुठं आहे आणि कुठं चाललंय, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

गरम पाणी मात्र वादळाशिवायही त्रास देतं. एखाद्या जागी, त्या तारखेच्या मानानं पाणी सलग पाच दिवस किंवा जास्त अतिगरम राहिलं, तर ती समुद्री उष्णतेची लाट. पुण्याच्या आयआयटीएममधले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी 1982 ते 2018 च्या नोंदी तपासल्या. पश्चिम हिंदी महासागरात अशा लाटा दर दशकाला साधारण दीडनं वाढल्यात, आणि त्या काळात मध्य भारतात पाऊस कमी पडतो.

तर 'मान्सून आला रे' असा व्हॉट्सॲप फॉरवर्ड आला की आधी हवामान खात्याच्या नकाशावर मान्सूनची उत्तर सीमा बघा. समुद्रात काही फिरतंय का, तेही बघा. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वापसा आल्याशिवाय घरच्यांना मूठ धरू देऊ नका.