विश्वास आहे, मग काळजी कशाला?

जानेवारी 2020 मध्ये धाराशिवला (तेव्हाचं उस्मानाबाद) 93 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. अध्यक्ष होते वसईचे कॅथलिक धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला होता. त्यांच्या निवडीवरून बराच गदारोळ झाला, पण त्या ग्रंथात आहे काय, याची चर्चा जेमतेमच झाली. चिंतेबद्दल तो काय म्हणतो, हे तर पेरणी करून आभाळाकडे बघत राहणाऱ्या या जिल्ह्यात विचारण्यासारखं होतं.

गैरसमज : खरा विश्वासू माणूस चिंता करत नाही.

हे बाहेरचे लोकच म्हणतात असं नाही. ख्रिस्ती घरांतली वडील मंडळीही रडणाऱ्याला सहज ऐकवतात, ‘विश्वास कमी पडतोय तुझा.’ आधीच घाबरलेल्या माणसावर वर अपराधाचं ओझं! बायबलमध्ये मात्र असा दंडक दिसत नाही. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत खुद्द येशू व्याकूळ झाला, हा प्याला टळू दे अशी विनवणी त्याने केली आणि सोबत्यांना जागं राहायला सांगितलं. दीडशे स्तोत्रांपैकी कितीतरी स्तोत्रं म्हणजे देवापुढची उघड गाऱ्हाणी आहेत. कशाचीही चिंता करू नका, असं फिलिप्पैकरांना लिहिणारा प्रेषित पौल त्या वेळी कैदेत होता. तोच पौल करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात कबूल करतो की सगळ्या मंडळ्यांची काळजी त्याला रोज घेरते. चिंता आलीच कशी, असा जाब तो कोणाला विचारत नाही. आली तर ती देवाला सांगा, आभार मानत सांगा, एवढंच म्हणतो. त्याबदल्यात तुरुंगाचं दार उघडेल असंही वचन देत नाही. मन शांत राहील, इतकंच.

गैरसमज : प्रार्थना केली की मागितलेलं मिळतं.

पौलानेच आपल्या शरीरातला ‘काटा’ निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा राहिला.

गैरसमज : उद्याची काळजी नको, म्हणजे उद्याची तयारीही नको.

पाखरं आणि रानफुलं यांच्याकडे पाहा, हे येशूचं सांगणं आळशाला फार सोयीचं वाटतं. पण त्याच बायबलमधला योसेफ सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा हिस्सा कोठारात भरून ठेवतो, पुढच्या सात वर्षांच्या दुष्काळासाठी. महाराष्ट्रातलं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. 1896-97 च्या दुष्काळात होरपळलेल्या मुलींना त्यांनी केडगावला आणलं. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये प्रार्थना नित्याची होती. शेती होती, विणकाम होतं, छापखानाही होता. विमा भरणं, शेततळं खणणं यात अविश्वास कसला?

गैरसमज : प्रार्थना असताना डॉक्टर कशाला?

यातला धोका सगळ्यात मोठा. पौलाचा सोबती लूक वैद्य होता, आणि तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी पौलाने थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं होतं. मिरजेचं मिशन हॉस्पिटल डॉ. विल्यम वान्लेस यांनी 1894 मध्ये उभारलं, ते विश्वासापोटीच. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणं हा 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, मग तो दावा कोणत्याही धर्माच्या नावाने झालेला असो.

रोजची काळजी वेगळी आणि आजार वेगळा. झोप उडाली, जेवण जाईना, छातीत सारखी धडधड, मरणाचे विचार, आणि हे आठवडे-आठवडे चाललं, तर ‘अजून उपास कर’ हा सल्ला पुरत नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे सरकारने मानसिक आरोग्यासाठीचा ‘प्रेरणा प्रकल्प’ ज्या 14 जिल्ह्यांत सुरू केला, त्यांत धाराशिव आहे. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. पाळकांनी आणि फादरांनी हा क्रमांक उपासनेच्या सूचनांमध्येच वाचून दाखवावा. फोनच्या आधी प्रार्थना केली तरी चालते, नंतर केली तरी.