साहेबाच्या शब्दावर घर कोण दुरुस्त करणार?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो बळी घेतले. बहुतेक माणसे स्वतःच्याच घराच्या जाड दगडमातीच्या भिंतींखाली गाडली गेली. पुढे जागतिक बँकेच्या साह्याने घरांच्या मजबुतीकरणाचा कार्यक्रम आला, तेव्हा अभियंत्यांपुढे तंत्राइतकाच विश्वासाचा प्रश्न उभा राहिला. भिंतीत आरपार दगड बसवले की जुने घर तग धरते, हे साहेबाने सांगितले म्हणून कोण मानणार? त्या भिंतींआड पुन्हा निजायचे होते ते घरच्यांना!

तेव्हा शासनाने 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या साह्याने गावोगावच्या स्त्रियांना 'संवाद सहायक' म्हणून नेमले. घरमालकाची शंका अभियंत्यापर्यंत आणि अनुदानाचा नियम घरमालकापर्यंत पोहोचवणे, हे त्यांचे काम. अधिकाऱ्याने आपला अधिकार थोडा बाजूला ठेवल्याखेरीज ही व्यवस्था चालणारी नव्हती. गावातल्या बाईने बांधकामातली उणीव दाखवली, तर ती ऐकून घेणे भाग होते.

लातूर-नांदेडच काय, कोणत्याही कार्यालयात सूचनापेटी असते. तिची किल्ली बहुधा साहेबांकडेच असते, आणि पेटी रिकामी का, याचे नवलही त्यांनाच वाटते.