शेततळ्यात कोपरापर्यंत हात

उन्हं चांगली वर आली की मी शेततळ्याच्या पायरीवर बसते, बाही मागे सारते आणि उजवा हात सरळ पाण्यात घालते. बोटं कुठे दिसेनाशी होतात ते बघायचं. हात कोपरापर्यंत बुडाला तरी तळवा अंधुक दिसत असेल, तर पाणी ठीक आहे. मनगट बुडतानाच बोटं हिरव्यात गडप झाली, तर त्या आठवड्यात दुसरं काम मागे ठेवायचं. मासे पाळणारे लोक पाण्याची पारख अशीच करतात. मी ती शिकले, पण एक मोठं नुकसान सोसून.

आमचं रान रहिमतपूरला, कमंडलू नदीच्या अलीकडे. थोडा ऊस, बाकी आलं. सरकारनं 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली आणि त्याच्या पुढच्या वर्षी आम्ही तळं खोदलं. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल. काठ उताराचे असल्यामुळे त्यात बावीस लाख लिटरच्या आसपास पाणी मावतं. खोदाईला पन्नास हजारांपर्यंत अनुदान होतं, पण आत अंथरायचा पाचशे मायक्रॉनचा कागद आमच्या पदरचा. पावसाळ्यात विहिरीतून भरायचं, उन्हाळ्यात आल्याला ठिबकनं द्यायचं, असा सगळा हिशोब.

आमच्याकडे पाणी उचलण्याची विद्या जुनी आहे. रणदुल्लाखानाच्या मशिदीजवळ हत्तीकडून पाणी ओढून घेण्याची जागा अजून उभी आहे. पण इतकं पाणी उन्हात उघडं पसरून महिनोन्‌महिने ठेवायचं, हे आमच्या पिढीला नवीन. साताऱ्याजवळच्या लिंबची बारा मोटेची विहीर बघा. वीरूबाई भोसल्यांनी 1719 ते 1724 या काळात बांधून घेतलेली, एकशे दहा फूट खोल आणि पन्नास फूट रुंद. तिच्या पाण्यावर ऊन दिवसातून थोडाच वेळ पडतं. माझ्या तळ्यावर ते सकाळी उगवल्यापासून मावळेपर्यंत पडतं आणि पाणी जेमतेम दोन पुरुष खोल. शेवाळाला लागतं काय? ऊन, थारा आणि खाणं. पहिल्या दोन गोष्टी तळ्यातच असतात. तिसरी आपण पुरवतो, आणि हेच मला फार उशिरा कळलं.

पहिली दोन वर्षं पाणी आरशासारखं होतं. तिसऱ्या उन्हाळ्यात अक्षय्य तृतीयेला आल्याची लागण केली, कोंब वर आले, आणि मधल्या चार गादीवाफ्यांवर माती भुरी दिसायला लागली. पंप चालू, नळीत पाणी, पण थेंब पडेना. मी नळीच्या टोकाचं बूच काढलं. आधी एक फुसका आवाज आला, मग भिजलेल्या लोकरीसारखा हिरवा गुंता हातात आला. त्याला कुजक्या माशाचा वास होता. एक ड्रिपर फोडून बघितला, तर आतली नागमोडी वाट शेवाळानं गच्च भरलेली.

मी बाजारात गेले. एका दुकानदारानं मोरचूद दिलं आणि पाच किलो टाका म्हणाला. तळ्यात पाणी किती आहे, हे त्यानं विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. मे महिना होता, तळ्यात फार तर आठ लाख लिटर उरलेलं. मोरचूद लिटरला अर्धा ते एक मिलिग्रॅम टाकतात, तेही पाण्याचा जडपणा बघून. म्हणजे माझ्या तळ्याला जास्तीत जास्त आठशे ग्रॅम. मी सहापट टाकलं, ढगाळ संध्याकाळी, सगळं एकदम. दुसऱ्या दिवशी पाणी नितळ झालं म्हणून घरात सगळे खूश. तिसऱ्या पहाटे तळ्यात सोडलेले मासे पाण्यावर तोंड काढून आ वासत होते. दुपारपर्यंत काठाला पांढऱ्या पोटांची रांग लागली. तात्या, म्हणजे माझे सासरे, टोपल्यात मासे भरत होते आणि एक शब्द बोलले नाहीत.

मोरचुदातल्या तांब्यानं मासे मरतात हे खरं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी, की शेवाळ एकदम मेलं की ते कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. दिवसा जिवंत शेवाळ तो तयार करतं, रात्री कोणीच करत नाही. म्हणून मासे पहाटे गुदमरतात. शिवाय तांबं गाळात बसून राहतं, आणि कुजलेल्या शेवाळातलं खत पुन्हा पाण्यात उतरून पुढच्या शेवाळाला पोसतं. तेव्हापासून मी मोरचुदाची पुडी घरात ठेवत नाही.

आता मी आधी वरचा बांध बघते. आमच्या वरच्या अंगाला उसाचं रान आहे. वळवाचा पाऊस आला की युरिया, डीएपी, शेणखत सगळं धुपून तळ्याकडे यायचं. तिथे आम्ही आडवा चर काढला आणि काठावर हरळी वाढू दिली. विद्राव्य खत सोडताना पाणी उलटं तळ्यात येऊ नये म्हणून पाइपाला झडप बसवली. शेळ्या काठावर बांधणं बंद केलं. या चार कामांनी जेवढा फरक पडला, तेवढा कुठल्याही औषधानं पडला नसता.

तरीही शेवाळ येतंच. काठी फिरवली की तिला तारा लोंबतात, ते तंतूचं शेवाळ. दोन्ही काठांवर एकेक माणूस उभा राहतो, मध्ये दोरीला बांधलेली जुनी मच्छरदाणी, आणि तळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत न्यायची. निघालेला ढीग काठावर टाकायचा नाही, निचरा परत तळ्यात येतो. तो थेट खतखड्ड्यात. काठीला काहीच न चिकटता पाण्यावर हिरव्या रंगाची साय दिसली आणि घाण वास आला, तर मात्र जनावराला ते पाणी अजिबात पाजू नका. निळं-हिरवं शेवाळ कधी कधी विष तयार करतं. पंपाचा फूटव्हॉल्व्ह मी ड्रमला बांधून पाण्याच्या दोन फूट खाली तरंगता ठेवलाय. वरचं शेवाळ आणि तळाचा गाळ दोन्ही टळतात.

मासे पुन्हा सोडले, पण विचार करून. चंदेरा पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो, गवत्या पाणगवत खातो. दोघेही परदेशी. 1959 साली चंदेरा जपानहून आणि गवत्या हाँगकाँगहून आपल्याकडे आणला. गवत्या साठलेल्या पाण्यात वीण घालत नाही, त्यामुळे त्याची संख्या आपल्या हातात राहते. नदीत मात्र सोडू नका.

जलपर्णीवर मात्र गवत्या फारसा उपयोगी नाही. पंचगंगेचं पात्र जलपर्णीनं झाकलेलं ज्यांनी पाहिलंय, त्यांना तिचं भय सांगायला नको. मूळची दक्षिण अमेरिकेतली. अनुकूल हवेत पंधरवड्यात दुप्पट होते आणि तिचं बी गाळात कित्येक वर्षं जिवंत राहतं. तिच्यावर जगणारे भुंगे 1980 च्या दशकात बंगळूरला सोडले होते, पण त्यांना कामाला वर्षं लागतात, शेततळ्याला तेवढा धीर नाही. जांभळं फूल सुंदर दिसतं म्हणून आमच्या ओळखीच्या एका बाईंनी एक रोप आणून तळ्यात टाकलं होतं. मी दुसऱ्याच दिवशी मुळासकट काढलं. पहिलं रोप काढायला एक माणूस पुरतो.

जनावरांचं दुखणं वेगळं. घूस कागदाखालून बांध पोखरते, वरून काही दिसत नाही, फक्त पाणी रोज बोटभर कमी होतं. तिला आसरा देतो तो काठावरचा पाचटाचा आणि दगडांचा ढीग, तो आधी हलवायचा. बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर झालेल्या मातीच्या पाझर तलावांना खेकडेही पोखरतात. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, माणसं गेली, आणि तेव्हाच्या मंत्र्यांनी दोष खेकड्यांवर ठेवला. खेकडा भोक पाडतो. पण भोक दिसल्यावर ते बुजवायचं काम माणसाचं, आणि गळतीची तक्रार कानाआड करणं मला माफ करण्यासारखं वाटत नाही. पाणकावळे आणि खंड्या मासे खातात, तर तळ्यावर दोऱ्या ताणून चमकत्या पट्ट्या लावा. जाळं नको, बारीक जाळ्यात पक्षी आणि दिवड अडकून मरतात. खाली सांगलीकडे कृष्णेत मगरी आहेत. तळ्यात मगर दिसली तर काठी घेऊन जाऊ नका, वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.

आणि माणसाचं लेकरू. कागदावर शेवाळाचा थर बसला की तो साबणासारखा निसरडा होतो. पोहता येणाराही वर चढू शकत नाही, नखं लावायला जागाच नसते. दरवर्षी शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात आणि मला त्या दिवशी जेवण जात नाही. आमच्या तळ्याला चहूबाजूंनी जाळीचं कुंपण आहे, फाटकाला कुलूप आहे, आणि आत चारही कोपऱ्यांत गाठी मारलेला दोर पाण्यात सोडलाय. शेजारी जुने टायर एकमेकांना बांधून उतारावर टाकलेत. त्यावरून साळिंदर आणि कुत्रीही वर येतात. नायलॉनचा दोर उन्हानं दोन वर्षांत कुजतो, ओढला की तुटतो. यंदाचा नवा दोर मी काल बाजारातून आणला, गाठी आज संध्याकाळी मारायच्या आहेत.